लूमवरचे उच्चार

नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या येणार म्हणून सुरतेच्या बमरोलीत सगळ्यांना इंग्रजीचं वेड लागलं. कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत आमचे सर शुद्ध उच्चार शिकवायचे. खालच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही. पण आम्ही खान्देशी लूमवाले, ओठ बघून बोलणं ओळखणारे. सर ओठांचा चंबू करायचे, आम्हीही करायचो. मग "वा, अगदी साहेबासारखं!" असं त्यांच्या ओठांवरून कळायचं. वर्षभरात कुणाचा एकही उच्चार चुकला नाही.

एकदा भर दुपारी लाइट गेली आणि लूम थांबले. मी आनंदानं म्हणालो, "सर, आता म्हणून दाखवा, ऐकू येईल."

सरांनी आधी घाम पुसला, मग फळा. "लाइट नाही तर क्लास कसला? चला, आज रजा!"

फळ्यावर लख्ख ऊन पडलं होतं.