डाव्या मोज्याचा अंगठा

लोकरकाकूंकडे फाटका मोजा घेऊन जायचं म्हणजे थोडी हिंमतच लागायची. काकू मोजा हातात घ्यायच्या, आत मूठ घालून उजेडाकडे धरायच्या, आणि तुमच्याकडे ढुंकूनही न बघता तुमच्याविषयी बोलायला लागायच्या. "टाच बाहेरच्या अंगाला झिजलीय. गुडघा दुखतो ना?" दुखत असायचाच. एका कारकुनाला त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "हापिसात बूट काढून बसता आणि टेबलाखालच्या दांडीवर तळवे घासता." बिचारा कानापर्यंत लाल झाला. "काकू, आमच्या साहेबांना नका हो सांगू," म्हणाला. काकूंना साहेबाशी काय घेणंदेणं? त्यांना फक्त समजून घ्यायचं असायचं. मोजा का फाटला हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणा ना!

तळमजल्याची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीशी वेताची खुर्ची आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लोकरीच्या लडी, रंगाप्रमाणे नव्हे तर लॉटप्रमाणे, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या एकत्र, अशा लावलेल्या. एकाच राखाडी रंगाचे दोन लॉट शेजारी ठेवले तर आपल्याला सख्खे भाऊ वाटतील, पण काकूंना ते सावत्र दिसायचे. ट्यूबलाइटखाली रंग पसंत करायला त्यांची सक्त मनाई. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला लडी घेऊन पायरीवर जावं लागे. "दिव्यात सगळेच रंग गोड बोलतात," असं त्या म्हणायच्या.

स्वेटरचं माप घ्यायची त्यांची तऱ्हाही न्यारीच. टेप असायचा, पण तो नंतर. आधी गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "तेवढा वरच्या फळीवरचा डबा काढून द्या हो, माझा हात पोचत नाही." माणूस भाबडेपणाने हात वर करायचा आणि काकू मागून बघत राहायच्या: बगलेत किती ओढ पडते, पाठ किती उघडी पडते, कुठला खांदा आधी उचलला जातो. डबा रिकामा असायचा हे सांगायला नकोच. पण त्यांचा स्वेटर घातलेल्या माणसाने कधी कंबर झाकण्यासाठी तो खाली ओढलेला कुणी पाहिला नाही.

तर अशा ह्या काकूंना ज्याने चार महिने कोड्यात टाकलं, तो त्यांचा सख्खा दीर.

दीर म्हणजे वायरमन. सगळं गाव त्याला वायरमनच म्हणायचं, त्याची बायकोसुद्धा. विजेच्या खांबांवर चढायची नोकरी, आणि ह्या गड्यासारखा चढणारा दुसरा नाही असा लौकिक. पन्नाशी उलटली तरी पोरासोरांच्या आधी वर पोचायचा. तो आणि धाकटी, म्हणजे काकूंची जाऊ, वरच्या मजल्यावर राहायचे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हा बारा वर्षांचा होता. त्याचा पहिला स्वेटर काकूंनीच विणलेला. त्यामुळे दोघांमध्ये थट्टा कायम, आणि ती एकमेकांना चांगली झोंबेपर्यंत.

एका संध्याकाळी वायरमन डावा मोजा घेऊन आला. अंगठ्यापाशी भोक.

"वहिनी, तुमची लोकर म्हातारी झाली."

"लोकर नाही, तुझी नखं वाढलीत. कात्री देऊ?"

काकूंनी भोक भरून दिलं. पंधरा दिवसांनी तोच मोजा, तीच जागा. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा. उजवा मात्र नवाकोरा असल्यासारखा!

आता काकूंना चैन कुठली पडायला? त्यांनी आधी लोकरीवर संशय घेतला. गडद रंगाने धागा ठिसूळ होतो असा त्यांचा अनुभव होता, आणि हा मोजा होता गडद निळा. लडीवरची चिठ्ठी शोधली, लॉट तपासला. पण उजवा मोजाही त्याच लडीतला. एकाच आईची दोन लेकरं, एक आजारी आणि एक ठणठणीत? लोकर सुटली.

मग माप. मोज्याचं माप बघायची त्यांची जुनी युक्ती होती: मूठ मिटायची, मोज्याचा तळवा तिच्याभोवती गुंडाळायचा. टोकं टेकली तर मोजा पायाला बरोबर. त्यांनी वायरमनला मूठ मिटायला लावली. टोकं नीट टेकली. तरीही काकूंनी डावा चवडा अर्धं बोट लांब विणून दिला. तोही फाटला. मग त्यांना वाटलं, आपलाच हात सैल पडला असेल. विणणारी बाई खुशीत असली की टाके सैल पडतात आणि रागात असली की घट्ट, हे त्या शिकायला येणाऱ्या मुलींना नेहमी सांगायच्या. म्हणून पुढचा चवडा त्यांनी मुद्दाम नवऱ्याशी भांडून झाल्यावर विणायला घेतला. काकांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्या दिवशी आपलं काय चुकलं. मोजा वीस दिवस टिकला. फरक इतकाच.

मग त्यांनी वायरमनच्या बुटात हात घालून आतलं अस्तर चाचपलं. गुळगुळीत. नखं पाहिली. कापलेली.

"वहिनी, आता माझा पायच उसवून बघा," वायरमन हसत म्हणाला. पण हसून झाल्यावर तो जरा वेळ तसाच उभा राहिला, जायची वेळ झाली तरी. काकूंचं लक्ष मोज्याकडे होतं.

शेवटी त्यांनी एक डाव टाकला. नव्या मोज्यांचे चवडे दुहेरी विणले: वर निळा धागा, आत पांढरा. निळा जिथे पहिल्यांदा झिजेल तिथे पांढरा डोकावेल, म्हणजे घासणी नेमकी कुठून सुरू होते ते कळेल. भोक पडल्यावर काय कळणार, तेव्हा सगळा पुरावाच गेलेला असतो! आठ दिवसांनी त्यांनी दोन्ही मोजे परत मागितले. उजव्यावर तळव्याखाली जरासा फिकटपणा, चालत्या माणसाचा असतो तसा. डाव्याचा तळवा साफ होता. पांढरं दिसत होतं ते अंगठ्याच्या टोकाला आणि वरच्या बाजूला.

काकू मोजा घेऊन खिडकीशी बसल्या. वरच्या बाजूला कसं? पाय टेकतो तो खालून. अंगठ्याचा वरचा भाग जमिनीला लागायचा तर बोटं खाली वाकून फरफटली पाहिजेत.

तेवढ्यात वायरमन कामावरून आला. बूट जिन्याखाली काढून नुसत्या मोज्यांवर वर जायची त्याची सवय होती. काकूंनी सुया खाली ठेवल्या आणि कान दिला. टप. घस्स. टप. घस्स. प्रत्येक पायरीच्या कडेला डावा अंगठा अडखळत होता. तीस वर्षं ह्या जिन्यावरून जाणारी पावलं त्या ऐकत होत्या, आणि हा आवाज नवा होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. धाकटी बाजारात गेलेली पाहून त्यांनी वायरमनला खाली बोलावलं.

"माप घ्यायचंय. टाचांवर उभा राहा आणि दोन्ही चवडे वर उचल."

"मोज्याचं माप असं घेतात होय?"

"मला शिकवतोस? उचल."

उजवा चवडा उचलला गेला. डावा जमिनीवर तसाच पडून राहिला. वायरमनने दात आवळले, खुर्चीची पाठ धरली, कपाळावर घाम आला, पण चवडा तसूभर हलला नाही.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"सहा महिने झाले. आधी मुंग्या यायच्या. आता पाय कुठे पडतो तेच कळत नाही." तो खुर्चीत बसला. "गेल्या आठवड्यात वर असताना सटकला. कमरेचा पट्टा होता म्हणून लटकलो. खालच्या पोरांना वाटलं मी गंमत करतोय. मीही हसलो."

"अरे देवा! आणि परत चढलास?"

"न चढून सांगू काय? वहिनी, साहेबांना कळलं तर मला खाली बसवतील. मला दुसरं येतं काय? तुमच्या पाया पडतो, कुणाला बोलू नका. हिला तर मुळीच नको. मी बघतो काहीतरी."

काकूंनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ वायरमनने हो असा घेतला, आणि काकूंनाही त्या क्षणी तो अर्थ ठाऊक नव्हता. इकडे आड तिकडे विहीर. बोलावं तर लहानपणापासून लेकरासारखा वाढवलेला दीर जन्माचा तुटणार. गप्प बसावं तर एक दिवस धाकटीच्या दारात माणसं निरोप घेऊन येणार. दिवसभर त्यांनी सुईला हात लावला नाही. काका दोनदा विचारून गेले, "बरं नाही का?" संध्याकाळी धाकटी भाजीची पिशवी घेऊन जिन्यापाशी आली, तेव्हा काकूंनी तिचा हात धरून तिला आत घेतलं आणि दार लावलं. सकाळी वायरमन कामावर पोचायच्या आत दोघी जावा त्याच्या साहेबासमोर उभ्या होत्या.

मग तपासण्या झाल्या. कमरेच्या मणक्यात नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर गेला असता तर पाय हातचा गेला होता. ऑपरेशन झालं. चवडा हळूहळू वर यायला लागला. सगळा नाही, पण जिना चढण्यापुरता. खांब मात्र कायमचा सुटला. वायरमनला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

आणि त्याने काकूंशी बोलणं टाकलं.

घर एक, जिना एक, आणि हा माणूस खोलीसमोरून भिंतीकडे बघत जायचा! काठी टेकत, सावकाश, पण थांबायचा नाही. काकूंनी धाकटीच्या हाती गरम मोजे पाठवले, ते परत आले. "जाऊ दे हो, वहिनी," धाकटी डोळे पुसत म्हणायची, "माझं कुंकू तुम्ही राखलंत." पण काकूंना ते ऐकवत नसे. त्या वेळी एका शिक्षिकेचा विटकरी स्वेटर सुयांवर होता. पाठ विणून झाली आणि टेप लावला तर दोन इंच कमी. सगळे टाके घट्ट, जीव आवळून घातलेले. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं. त्यांनी पाठ उसवली, पुन्हा विणली, पुन्हा तीच गत. आपण एका माणसाचं सगळं आयुष्य उसवलं, असं त्यांना राहून राहून वाटायचं आणि रडू यायचं.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, काठीचा आवाज दाराशी थांबला. वायरमन आत आला. वेताच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसला आणि फळ्यांवरच्या लडी बघत राहिला.

"रागावलायस ना?" काकूंनीच सुरुवात केली. "रागाव. पण मी आज पुन्हा तेच करीन. तुझं काम गेलं, त्याचं मला वाईट वाटतं. सांगितल्याचं नाही वाटत."

"सांगितल्याचा राग नाही, वहिनी."

"मग?"

"आमचं कपाट उघडून बघा कधी. तुम्हीच विणलेले सात जोड घडी न मोडता पडलेत. मला मोज्यांची काय टंचाई होती? फाटका फेकून दुसरा घातला असता. तरी दर पंधरा दिवसांनी तुमच्या हातात आणून देत होतो. तोंडाने सांगायची छाती होत नव्हती. म्हटलं, सगळ्या गावाचे पाय ओळखणारी बाई, आपलाही ओळखेल."

काकूंनी सुयांवरचा एक टाका उगाच काढला, पुन्हा घातला.

"चार महिने, वहिनी," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी रोज खांबावर चढत होतो, आणि तुम्ही लोकरीचा लॉट बघत होतात. एकदा वर मान करून विचारलं असतंत, बाबा रे, तुला काय होतंय, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं."

काकूंनी सुया बाजूला ठेवल्या. मोज्याकडे नाही, पायाकडे नाही, पहिल्यांदा त्यांनी दिराच्या तोंडाकडे नीट पाहिलं. केवढा वाळला होता तो.

"बाबा रे," त्या म्हणाल्या, "तुला काय होतंय?"

वायरमनने ओठ दाबून धरले, मान फिरवली, आणि मग पोरासारखा हुंदका देऊन सांगायला लागला.