एका माणसाची मंडळी

आमची जयवंता आत्या हेकट होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तिला संतबिंत करून मोकळे व्हाल. दिवसभर लाकडी चरखीवर बसून कापसातली सरकी काढायची आणि तोंड चालूच. कधी चरखीला बोल, कधी माझ्या बापाला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, पुंजारामला. नवरा तरणाताठा असतानाच गेला होता. बार्शीटाकळीजवळ आमचं गाव, आणि गावच्या महारवाड्यात अगदी टोकाला तिची झोपडी.

मी लहान असताना एक फिरता उपदेशक गावात राहून गेला. अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. पुढे पटकीच्या साथीत तो आमच्याच गावात वारला. जाण्याआधी म्हणाला, "तुमच्यावर मी कोणाले नेमत नाही. प्रभू हाय, आन् तुमी हाये. सगळे बसून ठरवत जा. ज्याले घरी कोणी पुसत नाही, त्याले पयले पुसा."

तेव्हापासून आमच्या मंडळीत, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या त्या अकरा जणांत, काहीही ठरवायचं झालं की पहिला प्रश्न आत्यालाच. रांडमुंड बाईला दुसरीकडे कोण विचारतो? तिचं ऐकायचं, मग बाकीच्यांचं, आणि सगळ्यांचं एक झालं तरच ते ठरलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. ज्वारीची एक भाकर मोडायची आणि मनुका भिजवलेल्या पाण्याचा एकच पितळी पेला सगळ्यांच्या ओठांना लागायचा.

मग समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. वाटांवरून बैलगाड्यांची रीघ. त्या धामधुमीत शेषराव पाटलांचा एकुलता मुलगा मरता मरता वाचला. त्याच्या उशाशी आमच्या नत्थुजी म्हाताऱ्यानं प्रार्थना केली होती. पाटील बदलला. ढोंग नव्हतं हो, मी त्याला हमसून रडताना पाहिलंय. त्याला भाऊबंदांसकट बाप्तिस्मा हवा होता, स्वतःच्या जागेत दगडी प्रार्थनाघरही तो बांधून देणार होता. मागणं एवढंच, की पाटलांच्या घरच्यांना पेला वेगळा असावा.

अकोल्याहून मिशनचे पाद्रीसाहेब आले. म्हणाले, "आमच्या कमिटीनं मान्य केलं आहे. तुम्हीही आता कमिटीखाली या."

"आमाले कोणी पुसलं?" आत्या म्हणाली.

बसले सगळे. पहिला प्रश्न तिलाच. ती म्हणाली, "पाटलानं यावं, माह्या बाजूले बसावं. पण दुसरा पेला आला, तर पयल्यात नुसतं मनुकाचं पानी उरन." एकेकानं मान डोलावली. पेला एकच राहील, असं ठरलं. साहेब घोड्यावर बसून निघून गेले.

प्रार्थनाघर मात्र उभं राहिलंच. मेजावर दोन पेले. आणि आमची माणसं एकेक करून तिकडे सरकली. कोणाला पोरांसाठी शाळा हवी होती, कोणाला पाटलाच्या आवारात काम. माझा बापही गेला, त्याच्यामागून आम्ही पोरंही. आमच्या लोकांची खुळी समजूत अशी, की तिथेही आपल्याला कोणीतरी पुसेल. कसलं काय! कोणी कुठं बसायचं, कोणतं गाणं म्हणायचं, सारं अकोल्याहून ठरून यायचं.

आत्याजवळ राहिला एकटा नत्थुजी. दोघं मिळून भाकर मोडायची. एका हिवाळ्यात तोही गेला.

आता पंचाईत अशी, की एकट्यानं प्रभुभोजन घ्यायचं नाही, निदान दोघं हवीत, हेही मंडळीनंच ठरवलेलं. आत्या दर महिन्याला भाकर थापायची, मनुका भिजवायची, अंगण सारवून दाराकडे तोंड करून बसायची. ऊन उतरलं की सगळं झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तीच शिळी भाकर मिरचीशी खायची. शेजारणी हसायच्या. माझा बाप चिडायचा, "प्रार्थनाघरात ये नं, तुही जागा हाय तिथं." ती जायची नाही.

मला तेव्हा मूर्तिजापूरला दिलेलं होतं. सासूनं फार दिवसांनी माहेरी धाडलं, तेव्हा पाहते तर प्रार्थनाघराला कुलूप. पाद्रीसाहेबांची बदली झाली होती, नवे आले नव्हते, आणि कमिटीचा हुकूम नाही म्हणून रविवारी दार उघडायचं कोणाला सुचत नव्हतं. शेषराव पाटीलसुद्धा हुकमाची वाट पाहत बसलेला.

तो रविवार पहिला होता. मी आत्याकडे होते. पाटील एकटाच आला आणि अंगणात उकिडवा बसला. किती खंगला होता.

"जयवंताबाई," तो म्हणाला. महारवाड्यातल्या बाईला 'बाई' म्हणणारा पाटील मी पहिल्यांदा पाहिला. "लय दिवस झाले, प्रभुभोजन नाही भेटलं. दोघं झालो नं आपन? फक्त तुह्या पेल्यातलं माह्या लोट्यात ओत. वरून ओत. इथं कोण पायते?"

आत्याचा हात पेल्यावर होता. तिचा चेहरा मी पाहिला. भुकेल्या माणसासमोर ताट वाढलं की होतो, तसा. तिनं हात मागे घेतला.

"नाही पाटील. पेल्यातून प्याचं तर बसा. मी वाट पायतो."

पाटलानं डोळे पुसले आणि तो लोटा घेऊन निघून गेला. आत्या गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. मला राग आला, खरंच आला.

"मले लय एकटं वाटते वं," ती म्हणाली.

"मंग काहून नाही म्हटलं? एवढासा लोटा!"

"मी एकटी असती तं हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "पन आता मंडळी मीच आहो. अकरा जनांनी ठरवलेलं मी एकटी कशी मोडू?"

 मी पदर सावरला आणि तिच्यासमोर मांडी घातली. तिनं विचारलं, "पेला एकच, चालन?" मी हो म्हटलं.

तिनं भाकर मोडली. अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग पेला तोंडाला लावला आणि पीतच राहिली. माझ्याकडे आला तेव्हा तळाशी जेमतेम एक घोट उरला होता.