तिचं बीपी लो असतं

माझ्या जिभेला हाड नाही, हे सासूबाईंनी लग्नानंतर आठव्या दिवशी ओळखलं होतं. मला त्यात कौतुकच वाटायचं. पोटात एक नि ओठात एक असलं आपल्याला जमत नाही बाई, जे काय असेल ते तोंडावर, असं मी चारचौघींत ठसक्यात सांगायची. आता हे लिहिताना लाज वाटतेय.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचं छोटं किचन आहे. पोळ्या, भाज्या, ऑफिसांचे डबे, सणासुदीला मोदक आणि चकल्या. पहाटे चारला उठायचं, पाचला मी तव्यापाशी, आणि साडेदहाला डबे गाडीत भरून नवरा बाहेर. अठरा वर्षं हेच चाललंय. रात्री साडेनऊला डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरात पाठ टेकली की मी संपले, सकाळपर्यंत कोणी ढोल वाजवला तरी जाग येत नाही. त्यामुळे झोप न लागणं म्हणजे काय हे मला खरंच माहीत नव्हतं. ज्याला काम नाही त्याला झोप लागत नाही, अशी माझी समजूत.

मुलगी एकुलती एक, इथेच जन्मलेली. मी मराठीत बोलायचं, तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा लहानपणापासूनचा आमचा रिवाज. तिचं सगळं मला कळतं, माझं तिला, यात मला कधी शंका आली नाही. गेल्या वर्षी ती युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होती.

सुरुवात रमजानमध्ये झाली, म्हणूनच कोणाच्या लक्षात आली नाही. त्या महिन्यात इथं सगळ्यांचंच घड्याळ उलटं होतं. ऑफिसं उशिरा, मॉल मध्यरात्र उलटली तरी उघडे, मुलं पहाटेपर्यंत जागी. ईद झाली, सगळे आपापल्या वेळेवर आले, आमची तेवढी आली नाही. मी डबे भरून साडेअकराला घरी यावं तर ही अंथरुणात. पडदे ओढलेले, एसी फुल, तोंडावर पांघरूण.

"लवकर निजे, लवकर उठे" मी रोज म्हणायला लागले. आधी लाडानं, मग दात-ओठ खाऊन. पांघरूण ओढून काढलं. मोबाईल लपवला. आणि ऑगस्टमध्ये एकदा, बाहेर अंगाची लाही होत असताना, मी तिच्या खोलीचा एसी बंद केला आणि रिमोट पर्समध्ये टाकून किचनला निघून गेले. बघू किती लोळते! परत आले तेव्हा ती तिथेच होती. उशी घामानं भिजलेली, आणि ती छताकडे बघत पडलेली. हात धरून मी तिला उठवून बसवलं, तर अंग कसं ढिलं, कोमेजलेल्या भाजीच्या जुडीसारखं. तेव्हाही मला कळलं नाही. माझा पारा चढला एवढंच.

नवरा म्हणायचा, "अगं, वय आहे, झोपू दे."

"तुमच्या लाडांनीच वाया गेलीय," मी म्हणायची.

तोपर्यंत तिचं मला सांगून झालं होतं, हे मला फार उशिरा समजलं. जूनमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी किचनला सुट्टी होती, मी भेंडी पुसत बसले होते. म्हणाली, "आई, आय ॲम फीलिंग लो."

लो म्हणजे आपल्याकडे काय? बीपी लो. माझ्या आईचं व्हायचं, मावशीचं व्हायचं. मी टुणकन उठले, लिंबू कापलं, साखर-मीठ घालून ग्लासभर सरबत तिच्या हातात दिलं. "उपाशी राहता, डाएट करता, मग होणारच लो. पी आधी." ती पिऊन गेली. पुढचे कितीतरी दिवस ती "लो" म्हणाली की मी सरबत करायची. एकदा ती म्हणालीही, "नॉट दॅट लो, आई."

"मग कुठला? जे लो असतं ते लो!" मी हसले. तीही हसली, ग्लास घेतला. त्यानंतर ती ते पुन्हा म्हणाली नाही. मला वाटलं, सरबताचा गुण आला.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण गणपतीत एका मैत्रिणीकडे आरतीला आम्ही दहा-बारा बायका जमलो होतो, आणि मला रंग चढला. "आमच्याकडे महाराणींचा सूर्योदय दुपारी दीडला होतो!" मी हातवारे करून तिची नक्कल केली: अर्धे डोळे, लोंबणारे हात, "आईऽऽ, टायर्ड." बायका पोट धरून हसल्या. ती तिथेच होती, प्रसादाच्या वाट्या लावत. तिनं वर बघितलं नाही. त्या दिवसापासून सगळ्या तिला महाराणी म्हणायला लागल्या. ग्रुपवर सकाळी फुलांचं चित्र आलं की खाली कोणीतरी लिहायचं, महाराणी उठल्या का?

ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सिटीतून मेल आला, हजेरी इतकी कमी आहे की परीक्षेला बसता येणार नाही. मी घर डोक्यावर घेतलं. मग तरातरा तिला जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. बीपी, बी-ट्वेल्व्ह, काय असेल ते एकदा तपासून खलास करू, म्हणजे हिला सबब राहणार नाही, असा माझा हिशेब. ती चप्पल घालून आली.

डॉक्टर केरळच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मीच बोलायला सुरुवात केली, माझ्या हिंदीत. "डॉक्टर, इसका बीपी लो रहता है. बारा-बारा घंटे सोती है."

त्यांनी पट्टा बांधला, बघितलं. बीपी अगदी नॉर्मल. मी मुलीकडे अशी नजर टाकली की बघ, पकडलं! मग डॉक्टरांनी तिलाच विचारलं, किती तास झोपतेस?

ती म्हणाली, अंथरुणात बारा तास असते, झोपत नाही. झोप लागली तर दोन तास, कधी तीन. तेही उजाडल्यावर, आई कामाला गेली की. कधीपासून? रमजानपासून. मनात काय काय येतं? तिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसता का म्हणून विचारलं. मी उठत होते तेवढ्यात ती म्हणाली, राहू दे तिला, आणि इंग्लिशमध्ये हळू आवाजात सांगितलं, की रोज पहाटे वाटतं, आता उठूच नये, परत कधीच.

डॉक्टरांनी फार काही पाल्हाळ लावलं नाही. झोप गेली की मन खचतं, मन खचलं की झोप आणखी जाते, दोन्ही एकमेकांना खाली ओढतात, असं काहीसं त्या हिंदी-इंग्लिशमध्ये म्हणाल्या. हे डिप्रेशन वाटतंय, लेझी नाही ती. "लेझी" हा शब्द मी तिथं उच्चारलाच नव्हता. त्यांना कुठून कळला कोण जाणे. त्याच आठवड्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली. तिला एकटं ठेवू नका, असं मला दोनदा बजावलं.

पहाटेचं किचन मी दोन महिने मदतनीस बाईंवर सोडलं. औषध सुरू झालं, बोलायला एक समुपदेशक ताई मिळाली तिला. सेमिस्टर सोडून दिलं. आराम लगेच पडला असं नाही, पण नोव्हेंबरअखेर ती एका रात्री पाच तास झोपली. सकाळी येऊन "फाइव्ह" म्हणाली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

इथवर आलं की लोक म्हणतील, चुकली बिचारी, पण सुधारली. सुधारले कसली! मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

जानेवारीत त्याच मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. तिळाच्या लाडवांची ऑर्डर माझीच होती. खोके जड म्हणून मुलगी हात द्यायला वर आली. चांगला कुडता घालून, केस धुऊन आली होती. कितीतरी दिवसांनी ती आपणहून तयार झाली होती. दार उघडताच मैत्रीण ओरडली, "अय्या, महाराणी! उजाडलं वाटतं आज!" सगळ्या खो-खो हसल्या. माझाच विनोद, माझ्याच तोंडावर.

दुसरी म्हणाली, "किती गं वाळलीस? आणि कॉलेजला सुट्टी का? काय होतंय हिला?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी, जे असेल ते तोंडावर म्हणणारी बाई, म्हणाले, "काही नाही हो. बीपी लो असतं तिचं. लिंबू-मीठ चालू आहे."

जूनमध्ये हेच वाक्य अडाणीपणातून आलं होतं. आता मला सगळं माहीत होतं, तरी मी ते शोधून काढलं आणि वापरलं. लोक काय म्हणतील, उद्या लग्नाचं बघताना कोण काय विचारेल, एवढं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मुलीनं खोके टेबलावर नीट ठेवले, काकूंना हॅप्पी संक्रांत म्हटलं, आणि गाडीची किल्ली मागून घेतली.

कसंबसं कुंकू लावून मी खाली गेले. ती पुढच्या सीटवर बसली होती. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे बोलली, आणि इंग्लिशमध्ये बोलली तरी या वेळी मला शब्दन् शब्द कळला. मी आळशी आहे असं तुला वाटत होतं, तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस, आई. आता मी आजारी आहे हे तुला माहीत आहे, तर कोणालाच नाही.

गाडीचं दार आपटून मी तशीच वर गेले. लिफ्टची वाट बघायचाही धीर नव्हता, जिने चढले. बायका वाण लुटत होत्या. दारातच उभी राहून, धापा टाकत, मी म्हणाले, "बीपी नाही. डिप्रेशन आहे तिला. औषध चालू आहे. ती लोळत नव्हती, तिला झोप लागत नव्हती. आणि मी तिच्यावर हसले, तुम्हालाही हसवलं. यापुढे तिला महाराणी म्हणायचं नाही कोणी." कोणाच्या हातातला अत्तराचा फाया तसाच राहिला. एकीनं "अगं बाई" म्हटलं. मी वळले.

खाली येताना, खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. काहीतरी मोठं केलं अशा थाटात मी गाडीत बसले आणि तिला सगळं सांगितलं, अगदी जिने चढले तेसुद्धा. आता ती गळ्यात पडेल, असंही कुठंतरी वाटत होतं.

तिचा चेहरा पांढरा पडला. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. आणि मग मराठीत म्हणाली, चुकू नये म्हणून शब्द जुळवत, "माझं होतं ना ते, आई? तू मला विचारलंस का?"