लगोरीचा हात

वसमतच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा आमचा कायदा. त्या दिवशी सुनेला आठवा महिना, हिंगोलीच्या बसला ही झुंबड, आणि माझा रुमाल काचेला लागून परत माझ्याच पायाशी!

मागून एक बुरख्यातल्या बाई आल्या. खडा उचलून त्यांनी तो रुमालात बांधला, एक डोळा मिटला आणि लांबूनच नेम धरला. रुमाल बराबर सीटवर! सून सगळ्यांत शेवटी चढली आणि राणीसारखी जाऊन बसली.

"कुठं शिकलात हो?"

"लगोरीत. अम्मा लई वरडायची, 'खेळून काय मिळतं?' म्हणून."

मग सुनेच्या पोटाकडं बघून हसल्या. "ह्या लेकराला सांगा, काय मिळतं ते."