टेबलाचा आखूड पाय

गेल्या शनिवारी एचएसआर लेआउटला एक टेबल उचलायला गेलो आणि भांडण करून आलो.

जयनगरला आमचं सेकंडहँड फर्निचरचं दुकान आहे. इंजिनीअरिंग मधेच सोडल्यापासून मी अप्पांच्या हाताखाली तिथेच असतो. शहर सोडणाऱ्या आयटीवाल्यांचं सामान घ्यायचं, नव्याने येणाऱ्यांना विकायचं... बेंगळुरूत गिऱ्हाइकांना तोटा नाही.

दोन वर्षांपूर्वी केतकीला असंच एक टेबल विकलं होतं. ती मूळची सांगलीची, सॉफ्टवेअरमध्ये, काम घरूनच. टेबलाचा एक पाय स्वल्प आखूड होता. "नीट करून देतो" म्हणत मी जात राहिलो... आणि मुद्दाम कधीच नीट केला नाही. दर खेपेला चहा मिळायचा ना!

तर आता समुद्राकाठच्या एका लहान शहराने योजना काढलीय. आयटीवाल्यांनी तिथे राहायला जायचं, निदान वर्षभर टिकायचं, त्याबद्दल रोख पैसे. केतकीने अर्ज केला, तो मंजूरही झाला. आणि मला हे कधी कळलं? "टेबल परत घेतोस का?" असा तिचा मेसेज आला तेव्हा!

डोकंच फिरलं. दारातूनच सुरू झालो, "पैसे दिले की कुठेही जाशील तू? उद्या चंद्रावर देतील, जा तिकडे!"

ती चार्जरच्या वायरी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "ओरडू नकोस. त्या शहराने मला निदान 'ये' तरी म्हटलं. इथे कुणी 'थांब' म्हटलंय का?"

एरवी मीटरवरून रिक्षावाल्यांशी तासभर भांडणारा मी... टेबल उचललं आणि जिना उतरलो.

रविवारी ती गेली. सोमवारी एका गिऱ्हाइकाने त्याच टेबलाची किंमत विचारली, तर त्याच्या अंगावर खेकसलो, "विकायचं नाही!" अप्पा म्हणाले, "मग काय पूजेला मांडलंयस? डोकं जरा थंड ठेव रे, धंदा बुडवशील."

आणि काल दुपारी तिचा मेसेज... "रूम मस्त आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. पण इथलं टेबल अजिबात हलत नाही रे."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं! पहिल्यापासून!

तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. दुकानात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. मी आयटीवाला नाही, हातात डिग्री नाही... त्या शहराच्या योजनेत मी कुठेच बसत नाही. मला तिकडे जायचे पैसे कोण देणार? उलट टेम्पोचं भाडं माझ्याच खिशातून जाईल. जाऊ दे.

'थांब' म्हणायचं राहून गेलं. 'येतो' म्हणायचं राहायला नको.

टेबल पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवलंय. अप्पांना सांगायचंय अजून... पाय मात्र तसाच ठेवलाय.