विमानाला वावर दाखवणारी

कुसुमची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितली. ती यवतमाळच्या दवाखान्यात होती, आमचे हे तिच्याजवळ होते आणि मी रोज सकाळच्या गाडीनं राळेगावहून दोघांचा डबा पाठवत असे. त्या दुपारी रिकामा डबा घ्यायला स्टँडवर गेले. कंडक्टरनं डबा हातात दिला तर तो भरलेलाच होता. "उद्यापासून डबा नका पाठवू म्हणे, वहिनी. दादानं सांगतलं," एवढंच तो बोलला आणि तिकिटांची पेटी उघडून उगीच चाळत राहिला. मी घरी आले, डबा गाईपुढे रिकामा केला आणि मग ओट्यावर बसले...

कुसुम माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकरात होती. तिला जाऊन महिना उलटला, तरी भेटायला येणारे तिच्याबद्दल वाटेल ते सांगतात. कोणी म्हणतं ती विमान चालवायची, कोणी म्हणतं विमानात चहा द्यायची. खरं म्हणजे तिचे पाय कधी जमिनीवरून सुटलेच नाहीत. पण ती विमानाचं काम करत नव्हती, असंही मला म्हणवत नाही. मला गोष्टी जागच्या जागी लागतात. लिहून काढलं तर ही गोष्टही जागेवर बसेल, म्हणून लिहायला घेतलं. पाहू.

छप्पन साली ती मॅट्रिक झाली आणि आम्ही कोणाला तरी पोचवायला नागपूरच्या विमानतळावर गेलो. सगळ्यांनी कुंपणापलीकडून रुमाल हलवले. कुसुमनं पहारेकऱ्याला विचारलं, "हे चालवते कोण?" तेव्हापासून तिनं ठरवलं की आपण चालवायचं. मामंजी नाही म्हणाले नाहीत. आधी कॉलेज कर, मग पाहू, म्हणाले. तोवर विसरेल असा त्यांचा अंदाज. ती बी.एस्सी. होऊन आली आणि पहिल्या दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, पाहा आता." तिनं कुठे कुठे लिहिलं. विमान शिकवण्याच्या ठिकाणी मुलींच्या राहण्याची सोय नव्हती. विमान कंपनीकडून मात्र बोलावणं आलं, ते प्रवाशांची सरबराई करण्याच्या जागेसाठी. हे तिला घेऊन मुंबईला गेले.

परत आल्यावर मी चुलीपाशी विचारलं, कसं झालं. "मुलगी पाह्यण्याचाच कार्यक्रम होता, वहिनी. पोहे तेवढे त्यायचे होते," ती म्हणाली. चालून दाखवा, हात दाखवा, हसून दाखवा. तिनं मध्येच विचारलं, चालवायच्या जागेवर बाया घेता काय. ते एकमेकांकडे पाहून हसले. आणि तरीही त्यांनी तिला पसंत केलं. हिनंच नकार कळवला. मला राग आला. मी म्हटलं, "अगं, विमानात तरी बसली असतीस. एवढ्या स्थळांपुढे बसलीस, मग हे काय वाईट होतं?" "स्थळायपुढे मी नाही बसली, तुम्ही बसवलं." "निदान उडाली असतीस." "उडालं तरी सैपाकघरच ना ते," असं म्हणून तिनं माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळ्या लाटायला बसली. यात तिनं काय जिंकलं ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

मग ती इथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. लग्नाचा विषय हळूहळू थांबला. साठ सालानंतर एका पावसाळ्यात कपाशीवर विमानानं औषध मारायचं ठरलं. गायरान सपाट करून धावपट्टी झाली. ते विमान कपाशीला पोट घासेल इतकं खाली येतं आणि वरून वैमानिकाला एक वावर दुसऱ्यासारखंच दिसतं. म्हणून वावराच्या दोन्ही टोकांना पांढरं निशाण घेऊन माणूस उभा करतात. विमान त्या निशाणावर येतं, औषध सोडत जातं, मग माणसानं काही पावलं सरकायचं. काम एवढंच. पण पहिल्याच फेरीला आमची माणसं निशाण टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी यांनी डोकं चालवलं आणि निशाण बैलगाडीला बांधलं, म्हणजे सरकवायलाही सोपं. विमान आलं तसे बैल उधळले. वैमानिक बिचारा इमानदारीनं निशाणामागे गेला. शेजारच्या महादेवरावांच्या मिरच्यांना आमच्या कपाशीचं औषध मिळालं. महादेवराव म्हणाले, "आता उद्या घरातही येऊ द्या, तिथंही ढेकूण हायेत."

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. कुसुमनं निशाण घेतलं आणि उभी राहिली. विमान डोक्यावरून गेलं, पदर फडफडला, ती हलली नाही. संध्याकाळी औषध फवारणाऱ्या कंपनीचा कारकून हजेरी घेताना म्हणाला, "बाई, तुमाले मजुरात धरतो." "मजुरात नाही. विमानाच्या माणसांत धरा," ती म्हणाली. त्यानं वैमानिकाकडे पाहिलं. तो पंजाबी माणूस, मान डोलावून म्हणाला, "ठीक है, लिख दो." माझ्या नणंदेला विमानाच्या नोकरीत घेतलं ते असं.

पुढे दर हंगामात ती रजा काढून जाऊ लागली. राळेगाव, नेर, एकदा पार ढाणकीपर्यंत. शेजारच्या बंजारा तांड्यातली झमकू आमच्याकडे निंदणाला येई आणि मला याडी, म्हणजे आई, म्हणे. तिलाही कुसुमनं दुसऱ्या टोकाला उभं राहायला शिकवलं. झमकूच्या ओढणीवरचे आरसे वरून निशाणाच्या आधी दिसतात, असं वैमानिक म्हणायचा. पहिल्या हंगामाच्या शेवटी त्यानं कुसुमला विमानात बसू दिलं, इंजिन बंद असताना. त्या विमानात एकच जागा असते, चालवणाऱ्याची. ती बराच वेळ बसली. खाली उतरली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं. "आत लय गरम होते," म्हणाली. मी दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत होते. ती खूश होती की नव्हती... तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही ओळखता आलं नाही.

औषधाचा वास मात्र ओळखता यायचा. तिचे केस चिकट व्हायचे. शिकेकाईनं धुतले तरी उशीला वास राही. खरी रीत अशी की विमान जवळ आलं की निशाणवाल्यानं वारा जिकडून येतो तिकडे बाजूला व्हायचं. मी तिला दर वेळी सांगायची. ती म्हणायची, "माणसं पळाली तर म्हणतात विमान लय खाली आलं होतं. मी सरकली तर म्हणतील, बाई पळाली. मग दुसऱ्या बाईले कोण उभं करते?" मी गरम पाणी काढून ठेवायची.

गेल्या दिवाळीनंतर तिचं जेवण तुटलं. मग कावीळ. डॉक्टरांनी विचारलं, औषधांशी कधी संबंध आला होता काय. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, त्यामुळेच असं म्हणता येत नाही, आणि त्यामुळे नाही असंही म्हणता येत नाही. मी उलगडून विचारलं, तर तेच वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं. त्यानंतर आषाढात ती गेली.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस दारात आला. कुसुमबाईंच्या जागी कोणी मिळेल काय, विचारू लागला. "साहेब म्हणतात बाईच द्या. माणसं टिकत नाहीत." हे ऐकायला ती कितीतरी हंगाम उभी राहिली होती. अंगणात झमकू विळा घासत होती. ती आपणहून म्हणाली, "मी हाओ ना, याडी. तिच्या जागेवर मी, माह्या जागेवर माही भावजय."

मी तिला आत घेतलं. "कुसुमले काय झालं, माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे."

"मग कायले जातेस?"

"निंदणात दिवसभर वाकूनच राह्यतो आपण. तिथं उभं राहाले भेटते. अन् इमान आपल्याले पाहून येते." तिनं विळा कमरेला खोचला. "मले कोण पाहून येते, याडी?"

मी बाहेर आले आणि त्या माणसाला म्हटलं, दोघींना विमानाच्या माणसांत धरा. झमकूला तीन तीनदा बजावलं, बाजूला व्हायचं, लोक काय म्हणतात ते म्हणू दे, घरी येऊन आधी अंगावरून पाणी घ्यायचं. तिनं सगळ्याला मान हलवली.

काल आमच्या वावरात विमान आलं. मी बांधावर, वारा पाठीवर घेऊन उभी होते. पलीकडच्या बांधावर दहा-बारा पुरुष गंमत पाहायला जमले होते. विमान बाभळींवरून खाली उतरलं, सरळ झमकूच्या रोखानं. आता सरकायला हवं होतं. ती सरकली नाही. निशाण दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. मी जोरात हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. ती हाक बाजूला हो म्हणून होती की उभी राहा म्हणून, ते मला आत्ता लिहितानाही सांगता येत नाही.