स्लो कुकरमधला हलवा

मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात इतकी माणसं जमली होती की गाडीत बॅगा ठेवायला वाट मिळेना. इनामगावच्या शेजारचं, घोड नदीकाठचं आमचं गाव. तिथून सातासमुद्रापार निघालेली मी पहिलीच बाई, म्हणून कौतुकाला नुसता ऊत आला होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. काकीनं ओवाळलं, हातावर दही दिलं. शेजारच्या बायांनी कानशिलावर बोटं मोडली. आई तेवढी नव्हती.

ती स्वयंपाकघरात दाराआड उभी होती. कुणी तिला ढकललं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. काकी फक्त म्हणाली होती, "आक्का, तुमी जरा आतच ऱ्हावा. पोरगी परमुलखाला निघालीया." आणि आई लगेच म्हणाली होती, "व्हय व्हय, मी कशाला येती भाईर." मी आत जाऊन पाया पडले तर म्हणाली, "जा आता. मागं बगू नगंस." सोलापूर हायवे लागेपर्यंत मी दात-ओठ खात बसले होते. नवऱ्याला वाटलं, मला माहेर सुटल्याचं वाईट वाटतंय. मला वाईट वाटत नव्हतं, मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

मी शिरूरच्या कॉलेजात असताना वडील गेले. मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि छातीत कळ येऊन तिथंच बसले. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आमच्याकडे वासे जागेवर राहिले, माणसं फिरली. त्याआधी आईच्या हाताचा केवढा दबदबा होता! नव्या नवरीची पहिली संक्रांत असो की लेकराचं बोरन्हाण, हलव्याचे दागिने आईकडूनच. वरवंडहून, दौंडहून बाया यायच्या. थंडी पडली की आई परसात शेगडी मांडायची, निखाऱ्यावर राख पसरून धग मंद करायची, वर परात. परातीत तीळ, आणि त्यावर चमच्यानं थेंब थेंब साखरेचा पाक सोडत, बोटांनी फिरवत, फिरवत, फिरवत बसायची. दिवसचे दिवस. तिळाच्या अंगावर आधी पांढरं यायचं, मग दाणा फुगायचा, मग एकदाचा काटा फुटायचा. धग वाढली की काटा गेला. बोटं पोळली तरी हात काढायचा नाही. "घाई केली की हालवा रुसतो," असं ती म्हणायची, आणि आम्हा पोरांना परातीच्या जवळपास फिरकू द्यायची नाही.

वडील गेले ते ऐन हलव्याच्या दिवसांत. वरवंडच्या एका मुलीचे दागिने अर्धे होऊन पडले होते. दिवस पार पडल्यावर आई पुन्हा शेगडीपाशी बसली, तेव्हा त्या मुलीची आई आली. ओसरीवर टेकली, चहा प्याली, डोळे पुसले, आणि उठताना म्हणाली, "यंदा आमी पुण्यातनंच आनतो. तुमाला कशाला तरास?" किती गोड शब्द! त्या दिवशी आईनं ते अर्धे दागिने नदीला सोडले. पुढच्या थंडीत शेगडी काकीनं घेतली. काकीचा हलवा म्हणजे मिठाचे ओले खडे. काट्याचा पत्ता नाही, दागिने नवरीच्या काळ्या साडीला चिकटायचे. पण काकी सवाष्ण, त्यामुळं ते खडे शुभ. आई शेजारच्या खोलीत बसून नुसत्या वासावरून ओळखायची की पाक पुढं गेला. बोलायची मात्र नाही.

माझं लग्न झालं, सासर पाटसचं. माझ्या पहिल्या संक्रांतीला दागिने दुकानातून आले, थर्माकोलच्या मण्यांसारखे. फोटो बघून आई म्हणाली, "छान दिसतीस." एवढंच.

मागे राहिलेल्यांनो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथंच होतात. माझ्यासारखे बॅगा भरून निघालेल्यांनो, तुम्हीही हसून पुढं वाचाल, कारण आपण सगळेच म्हणतो की ते सगळं आपण तिकडं टाकून आलो. मीही म्हणायचे.

नवरा रांजणगावच्या एका कंपनीत होता, त्यांनी त्याला ओहायोच्या प्लांटवर पाठवलं. मला एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं आणि अपॉइंटमेंट द्यायचं काम मिळालं. डिसेंबर लागला की इथं घरोघरी ख्रिसमसची कँडी करतात आणि डबे भरून वाटतात. दातांच्या दवाखान्यातसुद्धा, त्यांना त्यात काही विनोदी वाटत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या लिंडानं मला तिची कँडी शिकवली. शिकवली म्हणजे काय, शिकण्यासारखं काही नव्हतंच. स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, खारे शेंगदाणे ओतायचे, त्यावर चॉकलेटच्या वड्या रचायच्या, झाकण लावायचं, बटण 'लो'वर करायचं आणि निघून जायचं. ढवळायचंसुद्धा नाही. परत येऊन एकदा हलवायचं आणि चमच्यानं कागदावर गोळे सोडायचे. थंड झाले की झाली कँडी. मी पहिल्यांदा डबा नेला तेव्हा ॲलर्जीच्या धास्तीनं सगळ्यांनी एकच विचारलं, "यात नट्स आहेत का?" कुणाच्या हातची आहे, त्या हातात बांगड्या आहेत का, त्या बाईचा नवरा आहे की गेला, काही नाही. नट्स आहेत का! मी गाडीत बसून हसले आणि मग रडले.

त्याच दिवशी मी ठरवलं की आईला इथं आणायचं. माझी मुलगी रेवा दीड वर्षाची झाली होती, तिचं बोरन्हाण करायचं होतं. आणि मला एकच हवं होतं: रेवाच्या गळ्यात हलव्याचा हार आईनं घालायचा. तिनंच केलेला, तिच्याच हातानं, चार लोकांसमोर. इथं तिला कोण अडवणार होतं?

व्हिसा वगैरे होऊन आई पुढच्या वर्षी थंडी सुरू होताना आली. स्लो कुकर बघून तिची करमणूकच झाली. "ह्ये म्हंजी पातेलं चुलीवर ठिवायचं आन् लग्नाला निघून जायचं," ती म्हणाली. चॉकलेटचा गोळा खाऊन तोंड वाकडं केलं, आणि नंतर चोरून आणखी खाल्ले. भांडं धुवायला घेताना ते अजून कोमट होतं. तिनं आत तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मग म्हणाली, "आगं, ह्येची धग हाय बग. राखंखालच्या निखाऱ्यावानी."

मी दुसऱ्याच दिवशी तीळ आणले. स्लो कुकर 'वॉर्म'वर, झाकण बाजूला, आणि आई खुर्चीवर मांडी घालून समोर. पाकाचा थेंब, बोटं फिरवायची, थेंब, बोटं. मी कामावर जायचे तेव्हा ती बसलेली असायची, यायचे तेव्हाही. खिडकी उघडी टाकायची, बाहेर बर्फ पडत असला तरी; म्हणायची, गार वारं लागल्याबगर काटा न्हाई. हीटरचं बिल बघून नवरा गप्प बसला, तेवढा तो शहाणा आहे. मग एका संध्याकाळी मी दार उघडलं तर आई परातीत दाणे घेऊन उभी. "आला बग काटा." इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मी तसा पाहिला. आम्ही दोघींनी बसून हार ओवला, बाजूबंद केले, मुकुट केला. ती गुणगुणत होती.

बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाली, "मी केला म्हनू नगंस. दुकानातला म्हन."

"सगळ्यांना सांगणार. आणि हारसुद्धा तूच घालायचा."

"हात दाखवून अवलक्षन कशाला, बाय?"

मी ऐकलं नाही. का ऐकावं? आमच्या ओळखीची चार-पाच मराठी घरं, सगळी आली. आई बेडरूममध्ये धुतलेले कपडे परत घड्या घालत बसली होती. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं, हार तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हा माझ्या आईनं केलाय. मी भांडायच्या तयारीत होते. कुणी एक शब्द बोललं असतं तर मी सोडलं नसतं.

कुणी बोललं नाही. पोरी हलवा हातात घेऊन बघत बसल्या, फोटो काढले, कसा करतात ते विचारलं. एकीच्या सासूबाई आलेल्या होत्या, चांगल्या वयस्कर; त्याच म्हणाल्या, "घाला हो तुम्ही, आजीचा मान आहे." आई रेवापुढं वाकली. तिनं हार घातला. रेवानं लगेच एक दाणा तोडून तोंडात टाकला आणि सगळे हसले. आईही हसली. माझ्या मनात आलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी रेवाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, कानाचं इन्फेक्शन, पाळणाघरातल्या निम्म्या मुलांना झालंय. औषध दिलं. मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग हार, बाजूबंद, मुकुट सगळं त्याच स्लो कुकरच्या भांड्यात टाकलं आणि वरून गरम पाण्याचा नळ सोडला. मी ओरडले, तोवर काटे विरघळले होते. तिनं ते पाणी सिंकमध्ये ओतलं, भांडं घासून पुसून ठेवलं. रडली नाही. मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रेवा दोन दिवसांत खेळायला लागली. आई मात्र तिला जवळ घेईना. पोरगी "आजी, आजी" करत मांडीवर चढायची, तर आई हात मागं घेऊन मला हाक मारायची, "हिला घे गं." परतीचं तिकीट लांब होतं, ते तिनं जावयाला सांगून अलीकडं आणवलं. आता भाचे, पुतण्या, कुणाच्याही बोरन्हाणाला ती घरातून निघत नाही. काकी आता म्हणते म्हणे, "आक्का, या की, आता कोन मानतंय त्ये?" आता म्हणते! वर्षानुवर्षं एका बाईला दाराआड उभं करायचं, ती तिथं मुरली की दार उघडून या म्हणायचं. आप्पा, काकी, वरवंडच्या गोड बोलणाऱ्या बाई, तुमचं काम चोख झालं. आता तुमची गरज उरलेली नाही.

परवा मी फोनवर पुन्हा म्हटलं, "आई, ये ना. इथं तुला कुणी काही म्हणतं का?"

"न्हाई गं. चांगली मानसं हायती," ती म्हणाली. "पर तितं बी मीच आले की."

गाव कुठलं असं इथं कुणी विचारलं की मी शिरूर सांगते, पुण्याजवळ. खरं तर माझं गाव आता नदीकाठीही नाही आणि नकाशावरही नाही. ते माझ्या आईच्या दोन्ही हातांत जाऊन बसलंय, आणि ते हात माझ्या मुलीला लागू देत नाही.